बिल्ला काय सांगतो आणि काय सांगत नाही

माझ्या आजोळी एक गोधडी होती. लुगड्यांच्या व धोतरांच्या तुकड्यांमध्ये तिच्या एका कोपऱ्यास खाकी लोकरीचा जाड तुकडा जोडलेला असून, त्यावर काळ्या कापडाच्या चौकोनात लाल बनातीचे एक वर्तुळ टाचलेले होते. आजी त्यास ‘कुंकू’ म्हणत असे, आणि थंडीच्या दिवसांत ती गोधडी कोणी घ्यावी यावरून आम्हां मुलांत तंटा लागला, म्हणजे ‘कुंकवाची बाजू पायाकडे येता कामा नये’ एवढाच निवाडा ती देई. ते कुंकू नव्हे, आजोबांच्या थोरल्या बंधूंच्या लष्करी कोटाच्या बाहीवरचा तो बिल्ला आहे, हे मला कळण्यास पुष्कळ वर्षे जावी लागली; आणि कळल्यावरही त्याचा अर्थ लावताना मी जी चूक केली, तीच चूक अशा वस्तू हाती येणारे बहुतेक लोक करतात असे दिसून आल्यावरून हे चार शब्द लिहिण्याचे योजले आहे.

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या मुलखांतील कित्येक घराण्यांत पलटणीची नोकरी पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. घराची वाटणी किंवा डागडुजी निघाली, माळा रिकामा करण्याची वेळ आली, म्हणजे एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत पेन्शनचे पुस्तक, पितळी गुंड्या, पदकाची विटलेली फीत आणि तळहाताएवढा एखादा कापडी बिल्ला सापडावा, ही अशा घरांत नवलाची गोष्ट नव्हे. नवल पुढे घडते. बिल्ला सापडल्याबरोबर घरातील मंडळी त्याच्याभोवती जमतात, कोणी तो साबणाच्या पाण्यात बुडवतो, कोणी चौकटीत डकवतो, कोणी त्यावरून आजोबांच्या पराक्रमाची कथा रचतो, आणि या घाईत जो पुरावा सत्तर-ऐंशी वर्षे सुखरूप राहिला तो एका दुपारी नष्ट होतो.

म्हणून पहिला नियम असा की, प्रथम काहीही करू नये. ट्रंक ज्या स्थितीत उघडली त्या स्थितीतच तिचे छायाचित्र घ्यावे, आणि कोणती वस्तू कोणत्या वस्तूपाशी, कोणत्या घडीत, कोणत्या पाकिटात होती याची नोंद कागदावर करावी. कारण बिल्ला आणि त्याच्या शेजारचा कागद यांची ताटातूट झाली की दोघांचीही साक्ष दुबळी होते. त्यानंतर बिल्ल्याच्या दोन्ही अंगांचे छायाचित्र मोजपट्टी शेजारी ठेवून घ्यावे. लोक दर्शनी बाजू तेवढी पाहतात, परंतु जाणकाराचे लक्ष प्रथम पाठीकडे जाते. कारण टाका, अस्तर, दोऱ्याची गाठ, गोंदाचा डाग आणि न विटलेला मूळ रंग हे सारे पाठीवर असते. बिल्ला कोटास शिवलेला असेल तर तो उसवू नये. कोणत्या बाहीवर, खांद्यापासून किती अंतरावर आणि कोणत्या पट्टीच्या वर किंवा खाली तो आहे, ही माहिती बिल्ल्याइतकीच मोलाची असते.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या हाती आलेला तुकडा कोणत्या जातीचा आहे, हे ठरवणे. सैनिकाच्या अंगावरील कापडी खुणा मुख्यतः तीन प्रकारच्या असत. पहिला प्रकार हुद्द्याच्या खुणांचा: बाहीवरील कोनाकार फिती, एक असल्यास लान्स नाईक, दोन असल्यास नाईक, तीन असल्यास हवालदार. ‘त्याला फीत लागली’ हा आपल्याकडील बोलण्याचा प्रकार यावरूनच रूढ झाला. त्यावरचे जमादार, सुभेदार व सुभेदार मेजर हे खांद्यावर अनुक्रमे एक तारा, दोन तारे व मुकुट लावीत, आणि या खुणा धातूच्या असत तशाच काही वेळा कशिद्याच्याही असत. दुसरा प्रकार खांद्यावरील नावाच्या पट्टीचा. तिच्यावर पलटणीचे किंवा खात्याचे नाव, बहुधा आद्याक्षरांच्या रूपाने, भरलेले असते. तिसरा प्रकार बाहीच्या वरच्या भागावरील चित्रमय बिल्ल्याचा. प्राणी, शस्त्र, बाण, वर्तुळ, पत्त्यातील चिन्ह अशी काही आकृती त्यावर असते, अक्षर बहुधा एकही नसते. घरोघरी सापडतात ते बिल्ले पुष्कळदा याच जातीचे, आणि गैरसमजही यांच्याविषयीच सर्वांत अधिक.

त्या गैरसमजाचे मूळ या चिन्हांच्या जन्मकथेत आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यामध्ये गाड्यांवर आणि पुढे बाहीवर अशी चिन्हे लावण्याचा शिरस्ता पडला तो पलटणीचे नाव मिरवण्यासाठी पडलेला नसून, स्वकीयांस ओळख पटावी व शत्रूस मात्र कळू नये, या दुहेरी हेतूने पडला. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्यानेही तीच पद्धत स्वीकारली. कोकणातील जे तरुण रॉयल इंडियन नेव्हीत गेले त्यांच्या टोपीच्या रेशमी फितीतही हेच धोरण दिसते: युद्धकाळातील फितीवर गलबताचे नाव न घालता केवळ ‘एच. एम. आय. एस.’ एवढीच अक्षरे ठेवीत. तेव्हा जी वस्तू मुळात काही लपवण्यासाठी निर्माण झाली, तिने विचारताक्षणी सर्व काही सांगावे अशी अपेक्षा धरणे न्यायाचे नव्हे. बाहीवरचा चित्रमय बिल्ला पलटणीचा नसतो. तो डिव्हिजनचा, कोअरचा किंवा आर्मीचा असतो. पायदळाच्या एका डिव्हिजनमध्ये सामान्यतः तीन ब्रिगेड आणि प्रत्येक ब्रिगेडमध्ये तीन पलटणी, शिवाय तोफखाना, सॅपर्स, इस्पितळे, रसदखाते व खेचरांचे तांडे. आणि या हजारो माणसांच्या बाहीवर, सेनापतीपासून भटाऱ्यापर्यंत, तेच एक चिन्ह.

आता प्रत्यक्ष चिन्हांकडे वळू. काळ्या चौकोनावर झेपावणारा लाल गरुड असेल तर तो चौथ्या हिंदी डिव्हिजनचा होय. ही डिव्हिजन उत्तर आफ्रिका, एरिट्रिया व इटली येथे लढली. काळ्यावर साधे लाल वर्तुळ, ज्यास सैन्यात ‘अग्निगोल’ अशा अर्थाचे नाव होते, ते पाचव्या डिव्हिजनचे. काळ्यावर सोनेरी बाण सातव्या डिव्हिजनचा, लाल व निळ्या तिरप्या पट्ट्या दहाव्याच्या, पिवळसर भूमीवरील काळे मांजर सतराव्याचे, लालवर पिवळा खंजीर धरलेला हात एकोणिसाव्याचा, काळ्यावर तलवार धरलेला पांढरा हात विसाव्याचा, पिवळ्यावर लाल झुंजीचा कोंबडा तेविसाव्याचा, हिरव्यावर काळा इस्पिकचा एक्का पंचविसाव्याचा. त्रिकोणातून बाहेर पडणारा वाघ सव्विसाव्या डिव्हिजनचा असून, ढाल आणि तीवर टोक खाली केलेली तलवार हे जनरल स्लिम यांच्या चौदाव्या आर्मीचे चिन्ह होय. मांजर, कोंबडा यांसारख्या प्राण्यांचे बिल्ले बहुधा जोडीने करीत, जेणेकरून दोन्ही बाह्यांवर प्राण्याचे तोंड पुढेच राहावे. म्हणून एकाच घरात उजवीकडे व डावीकडे तोंड केलेली दोन मांजरे निघाली तर ती दोन निरनिराळी चिन्हे समजण्याचे कारण नाही.

वाघाविषयी मात्र विशेष सावधगिरी बाळगावी. त्रिकोणातील वाघ हा ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याचा. परंतु भगव्या, पांढऱ्या व हिरव्या पट्ट्यांच्या ढालीवर झेप घेणारा वाघ आणि वर जर्मन भाषेत ‘फ्राइस इंडियेन’ अशी अक्षरे असतील, तर तो सुभाषबाबूंच्या प्रेरणेने जर्मनीत उभ्या राहिलेल्या स्वतंत्र हिंदी लीजनचा बिल्ला होय. प्राणी एकच, सेना परस्परविरोधी. या दुसऱ्या बिल्ल्याच्या नकला बाजारात विपुल असल्याकारणाने, तो घराण्याच्या ट्रंकेत कागदपत्रांसह सापडला तर गोष्ट निराळी. नुसता कोणी विकावयास आणला तर शहानिशा केल्यावाचून विश्वास ठेवू नये.

चिन्ह ओळखल्यावर काळाचा अंदाज बांधावा. यास सर्वांत सोपे साधन म्हणजे मुकुट. १९०१ पासून १९५२ पर्यंत राजांच्या कारकिर्दीतील मुकुटाच्या कमानी वर घुमटासारख्या गोल दाखवीत. १९५२ नंतर राणीच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी किंचित खचलेल्या दिसतात. आपला देश २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक झाला व सैन्याच्या चिन्हांतून मुकुट जाऊन तेथे अशोकस्तंभावरील सिंह आले. याचा अर्थ असा की, खचलेल्या कमानींचा मुकुट असलेला बिल्ला भारतीय सैन्याचा असूच शकत नाही, मग विकणारा काहीही सांगो. दुसरे साधन नावाच्या लेखनाचे. मराठा पलटणींचे नाव इंग्रजी अमदानीत रोमन लिपीत ‘महराट्टा’ असे वाचले जाईल अशा अक्षरांनी लिहीत, ते स्वातंत्र्यानंतर ‘मराठा’ झाले. १९२२ च्या पुनर्रचनेपूर्वी या पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ अशा आकड्यांनी ओळखल्या जात, आणि त्या वर्षी त्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री बनली. तेव्हा खांद्यावरच्या खुणेत ‘११०’ असा आकडा दिसला तर तो मनुष्य पहिल्या महायुद्धाच्या पिढीचा, कदाचित कुत-अल-अमाराच्या वेढ्यातील पलटणीचा, असे समजण्यास जागा आहे. महार रेजिमेंटची उभारणी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात झाली. त्यापूर्वीची १११ वी महार पलटण १९१७ साली उभी राहून १९२१ साली मोडण्यात आली होती, ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

यानंतर कापड. हिंदुस्थानात तयार झालेले युद्धकाळातील बिल्ले पुष्कळदा सुती ड्रिलवर हाताने किंवा हातयंत्राने साखळी टाका घालून भरलेले, नाहीतर बनातीचे तुकडे कापून एकावर एक शिवलेले असतात. टाके असमान, वर्तुळ थोडे लांबट, मांजराची शेपटी प्रत्येक वेळी निराळी. शिंप्याच्या हातचे हे वैगुण्य अस्सलपणाच्या बाजूने साक्ष देते. इंग्लंडमध्ये काटकसरीच्या दिवसांत सुती कापडावर छापलेलेही बिल्ले निघाले. कलाबतूचे भरीव काम असेल तर तो अधिकाऱ्याचा, किंवा कोणी हौसेने पदरमोड करून बाजारातून करवून घेतलेला, असे बहुधा समजावे. पाठीस टिचबटणे किंवा बांधण्याच्या फिती असतील तर आनंद मानावा. कारण उष्ण प्रदेशात सदरा परटाकडे जाण्यापूर्वी बिल्ला काढून घेता यावा म्हणून ही सोय केलेली असे, आणि नकला करणारे सहसा एवढ्या खटपटीत पडत नाहीत. नोटा तपासण्याचा जो निळसर दिवा दुकानदार ठेवतात, त्याखाली बिल्ला धरल्यास दोरा लख्ख पांढरा चमकतो का ते पाहावे. तसे चमकणारे द्रव्य महायुद्धानंतरच्या काळात धाग्यांत सर्रास आले. परंतु जुना बिल्ला अलीकडच्या साबणचुऱ्याने कोणी धुतला असेल तरी तो असाच चमकेल, म्हणून या एका कसोटीवर निकाल देऊ नये. दोरा जाळून पाहण्याचा सल्ला काही लोक देतात. तो मानू नये, कारण जळालेला पुरावा पुन्हा तपासता येत नाही.

येथपर्यंत बिल्ल्याची स्वतःची साक्ष संपते व कागदांची सुरू होते. सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव व पलटण ही चार पदे जेथे एकत्र लिहिलेली सापडतील ते ठिकाण शोधणे हे खरे काम. नोकरीतून मुक्त केल्याचा दाखला किंवा पेन्शनचे पुस्तक यांत ती असतात. ती नसली तर पदकाची कड भिंगाखाली पाहावी, कारण हिंदी सैनिकांना दिलेल्या पुष्कळ पदकांवर ही अक्षरे ठोकलेली असतात. पदक गहाळ होऊन नुसती फीत उरली असेल तरी निराश होऊ नये. गडद निळा, लाल व फिका निळा असे तीन समान पट्टे म्हणजे १९३९-४५ चा तारा; मध्ये लाल व दोन्ही बाजूंस नारिंगी रेघ असलेला गडद निळा म्हणजे ब्रह्मदेशाचा तारा; लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल हा क्रम इटलीचा. बिल्ला डिव्हिजन सांगतो, फीत रणभूमी सांगते, आणि कागद मनुष्य सांगतो. तिघांची रुजवात घातल्यावाचून कैफियत पुरी होत नाही.

नंबर हाती आला की त्या त्या रेजिमेंटच्या दप्तरखान्याकडे अर्ज करावा: मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी. अर्जात सैनिकाचे नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हा हे भरतीच्या काळी जसे होते तसे लिहावे, आणि नावाचे इंग्रजी लेखन दोन-तीन प्रकारांनी द्यावे, कारण भरतीच्या कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले असते. मनुष्य युद्धात कामी आला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत त्याचे नाव व स्मारकाचे ठिकाण मिळते. मार्ग सुचत नसल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारण्यात संकोच धरू नये.

रुजवातीचे महत्त्व एका पलटणीच्या उदाहरणावरून कळेल. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातील केरनच्या लढाईत पाचव्या डिव्हिजनखाली होती, आणि १० जुलै १९४४ रोजी याच पलटणीच्या नाईक यशवंत घाडगे यांनी इटलीत टायबरच्या खोऱ्यात जो पराक्रम करून देह ठेवला व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्या वेळी ती दहाव्या डिव्हिजनखाली होती. पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांस ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरील लढाईसाठी तोच सन्मान लाभला. ती पलटण आठव्या डिव्हिजनची. एकच पलटण, दोन डिव्हिजन. एकच रेजिमेंट, एकाच देशात लढताना दोन चिन्हे. तेव्हा एका घरात दोन निरनिराळे बिल्ले सापडले तर दोन माणसे सैन्यात होती असे अनुमान काढू नये, आणि ‘आमचे आजोबा मराठा पलटणीत, मग हा बिल्ला मराठा पलटणीचाच’ असेही म्हणू नये.

माझी चूक याच जातीची होती. आमच्या घरी अशी कथा चालत आलेली की, मोठ्या आजोबांनी आफ्रिकेत केरनचा किल्ला सर केला. गोधडीवरचे लाल वर्तुळ पाचव्या डिव्हिजनचे आहे व पाचवी डिव्हिजन केरनला होती, हे समजले त्या दिवशी मला कथेचा पुरावा सापडल्याचा हर्ष झाला, आणि तो मी चार नातलगांस पत्राने कळवलाही. पुढे मामांच्या कपाटात मोठ्या आजोबांच्या मुक्ततेचा दाखला निघाला. त्यात लिहिले होते: ड्रायव्हर, रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर, भरती १९४२. केरन पडल्यानंतर एक वर्षाने भरती झालेला मनुष्य केरनचा किल्ला कसा सर करणार? त्या दाखल्यात गुंडाळून ठेवलेली फीत ब्रह्मदेशाच्या ताऱ्याची निघाली. पाचवी डिव्हिजन मार्च १९४४ मध्ये आराकानहून विमानांनी इंफाळच्या आघाडीवर नेण्यात आली, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तिने टिड्डीमच्या रस्त्याने जपान्यांचा पाठलाग केला. तेव्हा आमचे मोठे आजोबा त्या चिखलात रसदीची गाडी हाकीत असावेत, एवढेच अनुमान तिन्ही साक्षींशी जुळते. बिल्ल्याने मला खोटे काही सांगितले नव्हते. मीच त्याला अधिकाराबाहेरचा प्रश्न विचारला होता, आणि कालगणना न पाहता त्याच्या मौनास होकार मानले होते.

ओळख पटल्यानंतर जतनाचा विचार. बिल्ला धुऊ नये; लाल रंग विशेषतः कच्चा असतो व एका धुण्यात काळ्यावर पसरतो. इस्त्री फिरवू नये, चिकटपट्टी किंवा गोंद लावू नये, उन्हात वाळत घालू नये. मऊ कुंचल्याने धूळ झटकून, खळ पूर्णपणे धुऊन काढलेल्या मलमलीत किंवा मांजरपाटात तो सपाट ठेवावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, कारण आपल्याकडील पावसाळ्यात आत दमट हवा साठून बुरशी धरते. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवणार असाल तर त्या कापडास टेकू देऊ नयेत. वर्षातून दोनदा डबा उघडून पाहणे हा त्याहून चांगला उपाय. सोबत एक चिठ्ठी ठेवावी, आणि तिच्यावर तीन गोष्टी स्वतंत्रपणे लिहाव्यात: काय निश्चित कळले, काय अनुमान आहे, आणि घरात काय ऐकिवात आहे. ऐकीव कथा खोडून टाकू नये. तीही घराण्याचीच वस्तू आहे, मात्र तिची जागा तिसऱ्या ओळीत.

आमच्या गोधडीचे पुढे काय केले असे वाचक विचारतील. बिल्ला उसवून चौकटीत लावावा असे काही नातलगांचे म्हणणे पडले. परंतु पाहिले तेव्हा पणजीने तो खाकी तुकडा कोटाच्या बाहीसकट कापून घेतलेला, आणि तिचे धावदोऱ्याचे टाके बिल्ल्याच्या मूळ टाक्यांवरून, चारही कडांनी, आरपार गेलेले आढळले. एकास हात लावावा तर दुसरे तुटणार. म्हणून गोधडी आहे तशीच मलमलीत गुंडाळून ठेवली आहे, आणि चिठ्ठीवरील तिसऱ्या ओळीत, केरनच्या किल्ल्याच्या शेजारी, आजीचे कुंकूही लिहिले आहे.